प्रकल्प व्यवस्थापनाची दहा अंगे : कोकण रेल्वेच्या आरशात

१५ सप्टेंबर १९९० रोजी रोहा येथे कोकण रेल्वेच्या कामाची कोनशिला बसविण्यात आली, तेव्हा सुमारे पाच वर्षांत काम पूर्ण करण्याचा संकल्प होता. प्रत्यक्षात संपूर्ण मार्गावरून प्रवासी गाडी धावण्यास २६ जानेवारी १९९८ उजाडावा लागला. खर्चही मूळ अंदाजाच्या कितीतरी पुढे गेला आणि व्याजासह साडेतीन हजार कोटी रुपयांच्या घरात पोहोचला. तरीही कोकण रेल्वेला अपयशी प्रकल्प म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. सह्याद्रीच्या कुशीतून, खाड्या आणि दऱ्या ओलांडत सुमारे ७४० किलोमीटरचा लोहमार्ग साडेसात वर्षांत उभा राहणे ही भारतीय अभियांत्रिकीच्या इतिहासातील मोठी घटना मानली जाते.

मग प्रकल्प यशस्वी झाला म्हणजे नेमके काय झाले? वेळ चुकली, खर्च वाढला, तरी काम उत्तम झाले, असे कसे म्हणता येते? या प्रश्नाच्या उत्तरासाठी प्रकल्प व्यवस्थापनाच्या शास्त्राने केलेली एक मांडणी उपयोगी पडते. प्रकल्प ही एकच एक गोष्ट नसून ती अनेक परस्परावलंबी अंगांची गुंफण असते आणि एका अंगातील निर्णय दुसऱ्या अंगाचे भवितव्य ठरवून जातो, हे त्या मांडणीचे सार आहे.

नऊची झाली दहा

अमेरिकेत १९६९ मध्ये स्थापन झालेल्या प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट या संस्थेने या विषयातील विखुरलेला अनुभव एका मार्गदर्शिकेत ग्रथित केला. तिची पहिली आवृत्ती १९९६ साली निघाली. तीत प्रकल्प व्यवस्थापकाला अवगत असाव्यात अशा नऊ ज्ञानक्षेत्रांची यादी होती : समन्वय, व्याप्ती, वेळ, खर्च, गुणवत्ता, मनुष्यबळ, संवाद, जोखीम आणि खरेदी. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत हितसंबंधी घटकांचे व्यवस्थापन हे दहावे क्षेत्र जोडले गेले. त्यापूर्वी हा विषय संवादाच्या पोटात सामावलेला होता. २०१७ च्या सहाव्या आवृत्तीत ‘वेळ’ या क्षेत्राला ‘वेळापत्रक’ असे नाव मिळाले. ‘मनुष्यबळा’चे क्षेत्र विस्तारून त्यात यंत्रे आणि साहित्य यांचाही समावेश झाला व ते ‘संसाधने’ बनले.

कोकण रेल्वेचे काम सुरू झाले तेव्हा ही मार्गदर्शिका आजच्या रूपात अस्तित्वातच नव्हती. त्यामुळे कोकण रेल्वे पुस्तक पाहून बांधली गेली, असे म्हणता येणार नाही. मात्र पुस्तकात पुढे जे सूत्ररूपाने आले, ते कोकणच्या लाल मातीत अभियंत्यांनी आणि मजुरांनी प्रत्यक्ष अनुभवले होते. म्हणूनच या दहा अंगांचे परस्परसंबंध समजून घेण्यास हा प्रकल्प उत्तम उदाहरण ठरतो.

सारे सुरू होते व्याप्तीपासून

प्रकल्पात काय करायचे आणि तितकेच महत्त्वाचे म्हणजे काय करायचे नाही, हे निश्चित करणे म्हणजे व्याप्तीचे व्यवस्थापन. कोकण रेल्वेच्या बाबतीत रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत एकेरी मार्ग टाकायचा, हा व्याप्तीचा निर्णय होता. दुहेरीकरण आणि विद्युतीकरण त्यात नव्हते. पैसा मर्यादित असताना हा संयम आवश्यकच होता. मात्र व्याप्तीतून वगळलेली गोष्ट नाहीशी होत नाही, तर पुढे ढकलली जाते. रोहा ते वीर या टप्प्याचे दुहेरीकरण २०२१ मध्ये पूर्ण झाले आणि संपूर्ण मार्गाचे विद्युतीकरण राष्ट्राला अर्पण होण्यास जून २०२२ यावा लागला.

व्याप्तीइतकाच निर्णायक ठरला तो गुणवत्तेचा निर्णय. गुणवत्ता म्हणजे केवळ सिमेंट आणि पोलाद चांगले असणे नव्हे. वापरणाऱ्याची गरज कोणत्या निकषावर भागवायची, हे आधीच ठरवून त्या निकषाला चिकटून राहणे म्हणजे गुणवत्ता. कोकण रेल्वेचा मार्ग ताशी १६० किलोमीटर वेगाला साजेसा असावा, चढ दीडशे मीटरला एक मीटरपेक्षा तीव्र नसावा आणि वळणांची त्रिज्या साडेबाराशे मीटरपेक्षा कमी नसावी, असे निकष ठरविण्यात आले.

वाचताना हे तीन आकडे निरुपद्रवी वाटतात. परंतु कोकणच्या भूगोलात त्यांचा अर्थ फार मोठा होता. घाटातला जुना गाडीरस्ता डोंगराला वळसा घालून जातो. या निकषांत बसणारा लोहमार्ग मात्र वळसा घालू शकत नाही. त्याला डोंगर आला की बोगदा, दरी आली की पूल आणि टेकडी आली की खोल कटाई करावी लागते. परिणामी या मार्गावर नव्वदहून अधिक बोगदे आले आणि त्यांची एकत्रित लांबी ८० किलोमीटरच्या पुढे गेली. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा एकटाच साडेसहा किलोमीटरचा आहे. लहानमोठ्या पुलांची संख्या दोन हजारांच्या आसपास गेली.

गुणवत्तेच्या निकषाने व्याप्ती वाढविली, व्याप्तीने वेळ आणि खर्च वाढविला, तर बोगदे आणि कटाया यांनी जोखीम वाढविली. कागदावरील तीन आकड्यांनी उर्वरित साऱ्या अंगांना हलविले. परस्परसंबंध म्हणतात तो हाच.

वेळ आणि खर्च : जुळी भावंडे

वेळेच्या व्यवस्थापनात सर्वांत उपयुक्त कल्पना ‘क्रिटिकल पाथ’ म्हणजे निर्णायक मार्गाची. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत ती विकसित झाली. प्रकल्पातील कामे एकमेकांवर अवलंबून असतात. काही कामांना उशीर झाला तरी चालतो, कारण त्यांच्याकडे सवड असते. परंतु कामांची एक साखळी अशी असते की तिच्यातील एका दिवसाचा विलंब म्हणजे संपूर्ण प्रकल्पाचा एका दिवसाचा विलंब. व्यवस्थापकाची नजर सर्वाधिक काळ या साखळीवर खिळलेली असावी लागते.

कोकण रेल्वेत ही साखळी अखेरीस मऊ मातीच्या बोगद्यांपाशी येऊन अडकली. कठीण कातळ फोडण्यासाठी स्वीडनहून आणलेली हायड्रॉलिक यंत्रे झपाट्याने काम करीत होती. मात्र जिथे कातळाऐवजी पाण्याने भिजलेली चिकणमाती लागली, तिथे यंत्रे निरुपयोगी ठरली. खणावे तेवढे पुन्हा ढासळावे, असा प्रकार अनेक महिने सुरू राहिला. असे नऊ बोगदे होते आणि गोव्यातील पेडण्याचा बोगदा त्यांत सर्वाधिक चिवट निघाला. शेकडो किलोमीटरचा मार्ग तयार होता, टप्प्याटप्प्याने गाड्याही धावू लागल्या होत्या. १९९३ मध्ये ठोकूर ते उडुपी आणि रोहा ते वीर हे टप्पे खुले झाले होते. तरीही मुंबईहून मंगळूरला थेट गाडी नेण्यासाठी पेडण्याच्या त्या मातीची मर्जी सांभाळावी लागली. साखळीची ताकद तिच्या सर्वांत कच्च्या कडीएवढीच असते, याचा हा प्रत्यय होता.

विलंबाचा पैशाशी असलेला संबंधही येथे लख्ख दिसतो. कोकण रेल्वे महामंडळाच्या भागभांडवलात रेल्वे मंत्रालयाचा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२ टक्के, कर्नाटकाचा १५ टक्के, तर गोवा आणि केरळ यांचा प्रत्येकी सहा टक्के वाटा होता. उर्वरित मोठी रक्कम कर्जरोख्यांतून उभारण्यात आली. कर्जाला सुट्टी नसते. काम थांबले तरी व्याज थांबत नाही आणि गाडी धावेपर्यंत उत्पन्न सुरू होत नाही. त्यामुळे वेळापत्रकावरील प्रत्येक महिन्याचा घसारा जमाखर्चाच्या वहीत व्याजाच्या रूपाने उमटत गेला. कर्जाचे हे ओझे मार्ग सुरू झाल्यानंतरही अनेक वर्षे महामंडळाच्या खांद्यावर राहिले.

खर्च बरोबर, तरी हिशेब चुकीचा

वेळ आणि खर्च स्वतंत्रपणे पाहिल्यास कशी फसगत होते, हे एका साध्या काल्पनिक उदाहरणावरून समजू शकेल. एका गावात शाळेची इमारत बारा महिन्यांत ६० लाख रुपयांत बांधायची आहे. सहा महिन्यांनी ३० लाख रुपये खर्च झाले आहेत. निम्मा काळ, निम्मा खर्च. बैठकीत सारेजण समाधानी होतील. परंतु प्रत्यक्षात काम ४० टक्केच झाले असेल तर?

६० लाखांचे ४० टक्के म्हणजे २४ लाख. याला ‘अर्जित मूल्य’ म्हणतात. म्हणजे ३० लाख खर्चून २४ लाखांचेच काम पदरात पडले. खर्च झालेल्या प्रत्येक रुपयामागे ८० पैशांचे काम. हीच गती राहिली तर ६० लाखांची इमारत ७५ लाखांना पडेल आणि बारा महिन्यांचे काम पंधरा महिने चालेल. केवळ खर्चाची वही पाहणाऱ्याला हे संकट वर्षअखेरीस दिसेल. व्याप्ती, वेळ आणि खर्च यांचा एकत्र हिशेब मांडणाऱ्याला ते सहाव्या महिन्यातच दिसेल आणि तेव्हा काही उपाय करता येईल. अर्जित मूल्याच्या पद्धतीचे सारे महत्त्व या सहा महिन्यांत आहे.

माणसे, संवाद आणि खरेदी

कोकण रेल्वेच्या कामावर सुमारे तीस हजार मजूर राबत होते. एवढा पसारा मुख्यालयातून हाकणे अशक्य होते. महामंडळाचे अध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक ई. श्रीधरन यांच्या कारकिर्दीत संपूर्ण मार्गाचे सात विभाग पाडण्यात आले : महाड, रत्नागिरी उत्तर, रत्नागिरी दक्षिण, कुडाळ, पणजी, कारवार आणि उडुपी. प्रत्येकाकडे साधारण शंभर किलोमीटरचा मार्ग आणि प्रत्येकावर एक मुख्य अभियंता. निर्णय शक्य तेथे जागेवरच व्हावेत, हा त्यामागील विचार होता.

ही रचना मनुष्यबळाचा विषय वाटते, परंतु ती तितकीच संवादाची सोय आहे. त्यामागे एक साधे गणित आहे. पाच माणसांमध्ये परस्परसंवादाच्या दहा वाटा असतात. माणसे दहा झाली तर वाटा वीस होत नाहीत, त्या ४५ होतात. माणसे वीस झाली की १९० होतात. म्हणूनच उशीर झालेल्या कामावर आणखी माणसे नेमली की काम वेगाने होईल, ही समजूत पुष्कळदा खोटी ठरते. माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील कंपन्यांना हा अनुभव वारंवार येतो. नव्या माणसाला काम समजावून देण्यात जुन्या माणसांचा वेळ जातो आणि मागे पडलेले काम आणखी मागे पडते. अशा वेळी संसाधनांच्या अंगात केलेली वाढ संवादाच्या अंगात गुंता आणि वेळेच्या अंगात तोटा निर्माण करते.

खरेदी या शब्दाने अनेकांची दिशाभूल होते. येथे खरेदी म्हणजे केवळ सामान विकत घेणे नव्हे. कंत्राट कोणत्या अटींवर द्यायचे, हा त्यातील कळीचा प्रश्न. ठोक रकमेचे कंत्राट दिल्यास अनपेक्षित खर्चाची जोखीम कंत्राटदारावर जाते आणि तो ती गृहीत धरून दर चढवितो. झालेल्या कामाच्या मोजमापानुसार पैसे द्यायचे ठरल्यास जोखीम मालकाकडे राहते. जमिनीच्या पोटात काय आहे हे कोणालाच ठाऊक नसताना सारी जोखीम कंत्राटदारावर लोटली, तर तो एक तर अवास्तव दर मागतो किंवा अर्ध्यावर काम सोडतो. कंत्राटाचा प्रत्येक कागद म्हणजे जोखमीचे वाटपपत्र असते, असे म्हणूनच म्हटले जाते.

खरेदीचा निर्णय तंत्रज्ञानाचीही निवड करतो. रत्नागिरीजवळ पानवल नदीवरील पूल ६४ मीटर उंचीचा. एवढ्या उंचीवर खालून आधार उभारून काम करण्याऐवजी पुलाचा वरचा भाग एका टोकाला ओतून तो खांबांवरून हळूहळू पुढे ढकलत नेण्याची पद्धत तेथे वापरण्यात आली. त्या काळी ती भारतात नवी होती. नव्या पद्धतीने दरीतील धोकादायक काम टळले, पण नव्या पद्धतीबरोबर नवी जोखीमही स्वीकारावी लागली.

ज्यांची जमीन, त्यांचा शब्द

मार्गदर्शिकेत हितसंबंधी घटकांना स्वतंत्र स्थान मिळण्यास २०१३ उजाडले. कोकणात मात्र या अंगाचे महत्त्व दोन दशके आधीच सिद्ध झाले होते. या मार्गासाठी चाळीस हजारांहून अधिक जमीनमालकांकडून जमीन घ्यावी लागली. कोकणातील जमिनीचे तुकडे लहान आणि सातबाऱ्यावर नावांची रांग मोठी. तरीही महाराष्ट्रात भूसंपादनाला फारसा विरोध झाला नाही. त्याला इतिहासाचे पाठबळ होते. बॅरिस्टर नाथ पै आणि प्रा. मधू दंडवते यांनी ही मागणी संसदेत सातत्याने लावून धरली होती. दंडवते अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना महामंडळाची स्थापना झाली. चाकरमान्यांच्या कैक पिढ्यांनी बोटीतून आणि एस.टी.तून खाल्लेले हेलकावे या मागणीमागे उभे होते. रेल्वे ‘आपली’ आहे, ही भावना कोणत्याही अधिसूचनेपेक्षा प्रभावी ठरली.

गोव्यात चित्र निराळे होते. किनाऱ्यालगतच्या दाट वस्तीतून आणि खाजण जमिनींतून जाणाऱ्या मार्गाला तेथे तीव्र विरोध झाला. खारे पाणी बांधांनी अडवून शतकानुशतके जपलेली ही शेती रेल्वेच्या भरावाने धोक्यात येईल, अशी भीती होती. मार्ग पूर्वेकडे सरकवावा, अशी मागणी पुढे आली. प्रकरण न्यायालयात गेले. १९९३ मध्ये केंद्र सरकारने गोव्यातील वादग्रस्त भागातील काम थांबवून न्यायमूर्ती ओझा यांचा एकसदस्य आयोग नेमला. अखेर मूळ मार्गावरच काम पुढे गेले, परंतु बहुमोल काळ हातून गेला होता.

दोन्ही ठिकाणी अभियंते तेच, निकष तेच आणि महामंडळही तेच. फरक होता तो लोकांच्या नजरेत प्रकल्पाचे स्थान काय, यात. या अंगाचा हिशेब नकाशा पक्का होण्यापूर्वी मांडायचा असतो. नकाशा पक्का झाल्यावर केलेल्या चर्चेला लोक चर्चा मानत नाहीत, समजूत घालणे मानतात.

जोखीम उद्घाटनानंतरही उरते

जोखीम म्हणजे घडलेले संकट नव्हे. घडू शकेल, पण अद्याप घडलेली नाही, अशी गोष्ट म्हणजे जोखीम. तिची शक्यता किती आणि घडल्यास परिणाम किती, या दोन मापांवर ती तोलली जाते. त्यानंतर चारच मार्ग उरतात : ती टाळणे, कमी करणे, दुसऱ्याकडे सोपविणे अथवा जाणीवपूर्वक स्वीकारणे. पाचवा मार्ग तिच्याकडे दुर्लक्ष करण्याचा, आणि तोच सर्वांत महाग पडतो.

वेगवान मार्गासाठी केलेल्या खोल कटायांच्या उभ्या भिंती कोकणच्या पावसात किती टिकतील, ही अशीच एक जोखीम होती. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ दरड कोसळून कारवारहून मुंबईकडे निघालेल्या विशेष गाडीला अपघात झाला आणि पन्नासहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. पुढच्याच वर्षी, जून २००४ मध्ये, रायगड जिल्ह्यात करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेसला दरडीमुळेच अपघात होऊन पुन्हा जीवितहानी झाली.

त्यानंतर कटायांचे उतार सौम्य करणे, जाळ्या बसविणे, पावसाळ्यात गस्त वाढविणे आणि गाड्यांचा वेग कमी ठेवणे असे उपाय नेटाने राबविण्यात आले. कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक प्रवाशांच्या अंगवळणी पडले आहे. ताशी १६० किलोमीटरच्या स्वप्नाने सुरू झालेल्या मार्गावर दरवर्षी काही महिने गाड्या मुद्दाम सावकाश चालविल्या जातात. जोखीम आणि गुणवत्ता यांच्यातील हा समझोता अनेकांच्या प्राणांची किंमत मोजून झाला आहे. जुलै २०२४ मध्ये पेडणे येथील बोगद्यात पाणी शिरून वाहतूक विस्कळीत झाली, तेव्हा बांधकामाच्या काळातील त्या चिवट मातीची आठवण पुन्हा जागी झाली. प्रकल्प संपतो, जोखीम संपत नाही.

समन्वय : दहा अंगांचा कणा

उरलेले अंग म्हणजे समन्वय. यादीत त्याचे नाव पहिले असले तरी त्याचे मर्म शेवटीच कळते, कारण इतर नऊ अंगांमधील तडजोडी ठरविणे हेच त्याचे काम आहे. मार्ग बदलण्याची मागणी आली, तर केवळ खर्च किती वाढेल एवढे विचारून भागत नाही. व्याप्ती, वेळ, खर्च, गुणवत्ता, कंत्राटे, जोखीम आणि लोकांच्या भावना यांवर होणारा परिणाम एकाच वेळी मांडून मगच होकार किंवा नकार द्यावा लागतो. ही शिस्त म्हणजे बदलांचे नियंत्रण. अनेक प्रकल्प एखाद्या मोठ्या चुकीने बुडत नाहीत. ‘एवढेसे तर आहे’ म्हणून, कोणताही हिशेब न मांडता स्वीकारलेल्या शेकडो लहान बदलांनी ते बुडतात.

२०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सातव्या आवृत्तीत संस्थेने ज्ञानक्षेत्रांची चौकट बाजूला ठेवून बारा तत्त्वे आणि आठ कार्यक्षेत्रे यांवर आधारित नवी मांडणी केली. सॉफ्टवेअरसारख्या क्षेत्रांत काम जसजसे पुढे जाते तसतशी गरजच बदलत जाते, तेथे आधी सारे नियोजन आणि मग अंमलबजावणी हा क्रम तोकडा पडतो, ही जाणीव त्यामागे होती. मांडणी बदलली तरी जुनी दहा नावे ज्यांकडे बोट दाखवीत होती, ते प्रश्न मात्र बदललेले नाहीत. काय करायचे, केव्हापर्यंत, कितीत, किती चांगले, कोणाकडून, कोणाला विचारून आणि काय बिघडू शकेल, हे प्रश्न धरण बांधणाऱ्यालाही चुकत नाहीत आणि घर बांधणाऱ्यालाही.

कोनशिला बसविताना तारीख आणि रक्कम या दोनच गोष्टी जाहीर होतात, आणि उद्घाटनाच्या दिवशी त्याच दोन गोष्टींवरून प्रकल्पाचे मूल्यमापन होते. उरलेल्या आठ अंगांचा हिशेब त्यानंतरही सुरूच असतो. गणपतीला गावी निघालेला प्रवासी करबुडेच्या अंधारातून बाहेर पडतो, तेव्हा तो याच हिशेबावर विसंबून असतो.